दुसरी रात्र

भाचीला दवाखान्यातून घरी सोडलं त्या संध्याकाळी तिचं डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात आलं. घरात एखादी निवृत्त सिस्टर असली की सगळे कागद तिच्यापुढे येतातच, लघवीच्या रिपोर्टपासून विम्याच्या फॉर्मपर्यंत. टाके कधी दाखवायचे, लोहाच्या गोळ्या किती दिवस, बाळाची बीसीजी झाली, पोलिओ झाला, हे सगळं पेनाने लिहिलेलं, डॉक्टरी अक्षरात. एकच ओळ स्वच्छ छापील होती. बाळाच्या पावडरचं नाव, तीस मिलि पाण्याला एक चमचा, आणि पुढे : गरज पडल्यास.

छापील म्हणजे ही ओळ बाळ जन्मायच्या आधीपासून तयार होती. तिचा त्या बाळाशी काही संबंध नव्हता. गरज कशाला म्हणायचं, ती कोणी ओळखायची, हे कार्डावर नव्हतं. ते ठरतं घरी, रात्री दीड-दोन वाजता, पाच माणसांच्या सभेत, आणि त्या सभेत बाळंतिणीला मत नसतं.

बडोद्यातल्या एका सरकारी प्रसूती वॉर्डात मी तीस वर्षं काढली. १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह. तो आला की आमच्याकडेही भिंतीवर चित्रं लागायची, कोणी पाहुणे यायचे, आणि 'मातांमध्ये जागृती' या विषयावर बोलून चहा-बटाटावडा घेऊन जायचे. मीही बोलले आहे. समोर बसलेल्या गरोदर बायका माना डोलवायच्या, कारण मी सांगत होते ते त्यांना आधीच ठाऊक असायचं. आईचं दूध चांगलं की डब्याचं, या प्रश्नाला चुकीचं उत्तर देणारी बाई मला त्या तीस वर्षांत भेटलेली नाही. मराठी नाही, गुजराती नाही, आदिवासी पट्ट्यातून आलेली नाही. तरी तिसऱ्या दिवशी त्यांतल्या कितीतरी जणींच्या उशाशी डबा दिसायचा.

म्हणून 'आजकालच्या आयांना कळत नाही, त्यांना फिगरची काळजी' हे वाक्य कुठल्याही हळदीकुंकवाला ऐकलं की माझं डोकं उठतं. नव्या आईला माहिती भरपूर आहे, मोबाईलवर तर नको इतकी. पहिल्या तीन दिवसांत तिच्या शेजारी बसून बाळ नीट लावून देईल असं माणूस तिला मिळत नाही. दवाखाना म्हणतो घरचे बघतील, घरचे म्हणतात दवाखान्यात सिस्टर आहेत की. या दोघांच्या मधल्या फटीत डबा बरोबर बसतो.

हे नुसतं माझं निरीक्षण असतं तर लेख लिहिला नसता. सरकारचंच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. २०१५-१६ च्या फेरीत देशातली ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. २०१९-२१ च्या फेरीत ८८.६ टक्के. मोठीच झेप. आता जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं : आधी ४१.६ टक्के, नंतर ४१.८. म्हणजे दहा टक्के जास्त बाळंतपणं दवाखान्यात आली आणि पहिल्या तासाचा आकडा जागचा हलला नाही. आपल्या गुजरातेत तर तो पन्नासच्या आसपास होता, तो अडतिसाच्या आसपास घसरला, आणि त्याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं चौऱ्याण्णव टक्क्यांवर गेली.

त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे आणि त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या ज्या बाळांना फक्त अंगावरचं दूध मिळतं, पाणीसुद्धा नाही, त्यांचं प्रमाण ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं. हे काम घरी होतं, आई करते, सासू-आई-शेजारीण यांच्याशी हुज्जत घालून करते. बाईच्या हातात होतं ते सुधारलं. पहिला तास बाईच्या हातात नसतो. ती टेबलावर पडलेली असते, बाळ कोणाच्या हातात द्यायचं ते दुसरेच ठरवतात. मग जागृती कोणाची करायची?

पहिल्या तासात काय होतं ते सांगते. खासगी दवाखान्यांतली जवळजवळ निम्मी बाळंतपणं आता सिझेरियनने होतात. त्याच सर्वेक्षणात ४७.४ टक्के. सिझेरियनला बहुधा कमरेत इंजेक्शन असतं, बाई पूर्ण जागी असते. हिरव्या कापडाच्या वरून तिला बाळाचा चेहरा दाखवतात, 'बघा, लक्ष्मी आली', आणि बाळ बाहेर जातं. बाहेर बारा माणसं. वजन, फोटो, व्हिडिओ कॉल, अमेरिकेतल्या काकाला दाखवा, नाक कोणावर गेलंय. मग वॉर्मरखाली. तिकडे आई रिकव्हरीत तास-दीड तास छताकडे बघत. खरं तर नवजात बाळ पहिल्या तासाभरात फार जागं असतं, तोंड हलवतं, शोधतं. नंतर त्याला जी झोप लागते ती पुढे कितीतरी तास मोडत नाही. ती शोधाशोध आपण सगळी फोटोत खर्च करतो. टाके घालेपर्यंत थांबून, बाळ आडवं आईच्या छातीवर ठेवून, एका सिस्टरने धरून उभं राहायचं, एवढंच काम आहे. त्याला यंत्र लागत नाही, एक मोकळी सिस्टर लागते. आणि मोकळी सिस्टर ही आपल्याकडच्या दवाखान्यांत एमआरआय मशीनपेक्षा दुर्मीळ वस्तू आहे.

आता बडोद्याची खास गोष्ट. आपण मराठीत म्हणतो, अमक्याला राजकारणाचं बाळकडू मिळालंय. गुजराती माणूस त्याच अर्थाने म्हणतो, हे तर त्याच्या गळथूथीतच आलंय. दोन्ही भाषांनी माणसाचा मूळ पिंड सांगायला नवजात बाळाच्या तोंडात घातलेल्या पहिल्या पदार्थाचाच शब्द घेतला आहे. मराठी बाळाला कडू, गुजराती बाळाला गुळाचं गोड पाणी, आणि चार-पाच पिढ्या इथे राहिलेल्या आपल्या मराठी घरांत बाळाला दोन्ही. मी पाहिलेलं आहे : एका बाजूने आजी सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवतेय, दुसरीकडे शेजारच्या बेन कापसाच्या वातीने गूळपाणी, कारण त्या स्वभावाने शांत आहेत आणि गळथूथी देणाऱ्याचा स्वभाव बाळात उतरतो. आत्या मुंबईहून यायची आहे म्हणून बाळ तीन तास तसंच ठेवलेलंही पाहिलं आहे. आई पलीकडच्या खोलीत होती, तिचा स्वभाव उतरावा असं कोणाला वाटलं नव्हतं.

या चालीची चेष्टा करून ती थांबत नाही. मी पहिली दहा वर्षं चेष्टा केली आणि आज्यांनी पदराआडून चाटवलं. त्यात प्रेम असतं, नव्या माणसाला कुळात घेण्याची घाई असते. मग मी सांगायला लागले, चाटवा ना, अंगठी आईच्याच दुधात बुडवा आणि आत्याच्या हाताने चाटवा. स्वभाव आत्याचा, दूध आईचं. यावर आज्या हसायच्या आणि निम्म्या तरी ऐकायच्या. मध मात्र कुठल्याही वाटेने नको, वर्षाच्या आत मुळीच नको. त्यात एका जंतूची बीजं असू शकतात, त्याने तान्ह्या बाळाचं अंग लुळं पडतं. हे सांगताना मी हसत नाही.

आणि चीक. आईला पहिले दोन-तीन दिवस येतं ते पिवळसर, घट्ट, थोडंसं दूध. अजूनही 'जड पडेल', 'घाण आहे' म्हणून ते पिळून टाकणारे आहेत. हेच लोक ओळखीच्या रबारीकडे म्हैस व्याली की भांडं घेऊन धावतात. खरवसाला इथे बळी म्हणतात, आणि बळीच्या वाटणीवरून खोताच्या चाळीत भांडणं झालेली माझ्या लहानपणी मी ऐकली आहेत. म्हशीचा चीक वेलची घालून खायचा आणि आईचा मोरीत. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे, आणि तो थोडाच असतो, कारण बाळाला थोडाच लागतो. पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चमचाभर. हा चमचाभराचा हिशेब कोणी बाळंतिणीच्या घरच्यांना आधी सांगितला असता तर पुढचं रामायण निम्मं टळलं असतं.

पुढचं रामायण म्हणजे दुसरी रात्र.

भाचीच्या दवाखान्यात त्या रात्री मी सोबतीला होते. पहिला दिवस बाळ नुसतं झोपलेलं, सगळे खूष, 'किती गुणी'. दुसऱ्या रात्री साडेबाराला जे रडायला लागलं ते थांबेना. अंगावर घेतलं की दोन मिनिटं ओढायचं, सोडायचं, किंचाळायचं. तिची सासू सोफ्यावर उठून बसली. चांगली बाई आहे, मनाने मोकळी. म्हणाली, "अगं, भूक भागत नाहीये त्याची. माझ्या वेळी तर पोलकं भिजायचं." वाक्य साधं आहे, पण भाचीचा चेहरा त्या वाक्याने कसा उतरला ते मी पाहिलं. जावई मोबाईलवर काहीतरी शोधत होते. बेल वाजवली तशी रात्रपाळीची सिस्टर आली, कोवळी पोर, वीस-बावीसची. दारातूनच म्हणाली, "फीड बनवून आणू?" तिच्याकडे तो मजला अख्खा होता. ती दुसरं काय म्हणणार?

मी म्हटलं, दहा मिनिटं दे. भाचीला उशीला टेकवून सरळ बसवलं, पाठीमागे दोन उशा, टाक्यांवर दाब नको म्हणून बाळ तिच्या काखेखालून घेतलं, पाय मागे भिंतीकडे. बाळ दुपट्यात पुरणपोळीसारखं गुंडाळलेलं होतं, ते सोडलं. हात मोकळे केले. त्याचं नाक बोंडासमोर आणलं आणि थांबले. ते तोंड उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं. जांभईएवढं मोठं उघडलं तेव्हा एका झटक्यात त्याला जवळ घेतलं, छाती त्याच्याकडे नेली नाही. हनुवटी रुतली, खालचा ओठ बाहेर वळला. भाची "आई गं" म्हणाली आणि मग म्हणाली, "मावशी, दुखत नाहीये." आधीच्या दीड दिवसात बाळ नुसतं टोक चोखत होतं, म्हणून बोंडाला चिरा पडल्या होत्या आणि बाळाच्या पोटात काही जात नव्हतं. आता गालात खळी पडत नव्हती, जबडा कानापर्यंत हलत होता, आणि चार-पाच वेळा ओढलं की एक बारीक आवाज येत होता, गुटुक. सगळी खोली तो आवाज ऐकत गप्प बसली. सासूबाईसुद्धा.

ते बाळ त्या रात्री पुन्हा पाच वेळा उठलं. दुसऱ्या रात्री बाळं अशीच वागतात. ती सारखी मागतात, कारण मागितल्यानेच दूध तयार होतं. जितकं ओढेल तितकं शरीराला कळतं की उद्या किती लागणार आहे. दूध पुरेसं उतरतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियनला कधी आणखी थोडं उशिरा. तोवर बाळाचं वजनही थोडं उतरतं, जन्मवजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत भरून येतं. हे सगळं नेहमीचं आहे. पण या नेमक्या रात्री तीस मिलि पावडर आली की बाळ तीन-चार तास सुस्त झोपतं, छातीला निरोप जातो की नको, आणि उद्याचं दूध कमी होतं. मग उद्या खरंच पुरत नाही. 'दूध पुरत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा अशी आपल्याच हाताने खरी केलेली असते.

मी हे कोरड्या मानभावीपणाने लिहीत नाही. नोकरीत असताना रात्रपाळीला आम्ही दोघी आणि वॉर्ड भरलेला, जमिनीवर गाद्या. एक बाळ रडलं की दहा उठायची. अशा रात्री मी स्वतः पावडर कालवून वाटी-चमच्याने पाजली आहे, बाळाला गरज होती म्हणून नव्हे, वॉर्ड झोपावा म्हणून. एकदा नाही, पुष्कळदा. आई कृतज्ञतेने हात जोडायची. त्या कोवळ्या सिस्टरला मी काय बोलणार होते?

घरी गेल्यावरची गोष्ट वेगळी, तिथे आपली मराठी परंपरा खरं म्हणजे मोठी शहाणी आहे. सव्वा महिना बाळंतिणीने उठायचं नाही, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू, बाळंतशेपा, शेक, तेल. गुजराती शेजारीण काटलुं, म्हणजे त्यांचा बाळंतिणीचा मसालेदार पाक, आणून देते, ते वेगळंच. अळिवाने दूध वाढतं का यावर मला वाद घालायचा नाही. एक मात्र नक्की, जिला बसल्या जागी गरम खीर मिळते आणि बाळ सोडून दुसरं काम नसतं, तिला दूध येतं. ते खिरीने की बसण्याने, देव जाणे. पण ही परंपरा खाण्यापिण्याचं बघते, पाजण्याचं बघत नाही. बाळ लावावं कसं हे आपल्याकडे कोणी शिकवत नसे, कारण वाड्यात मुलगी लहानपणापासून ते बघतच मोठी व्हायची. मामी पाजतेय, काकू पाजतेय, शेजारची पाजतेय आणि बोलतेय. आता फ्लॅटमध्ये एकुलत्या एक मुलीने आयुष्यात पाजताना पाहिलेली पहिली बाई ती स्वतः असते. आणि तिची आई, जिच्यावर सगळी भिस्त, तिनेही १९९० च्या सुमारास डब्यावरच वाढवलेलं असतं. मीही माझ्या मुलाला दीड महिन्यापासून वरचं दूध दिलं. रजा संपली होती.

डबा आमच्या पिढीला ऐटीचा वाटायचा हेही सांगायला हवं. आणंद इथून चाळीसेक किलोमीटर. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते, तेव्हा तिथल्या हरिचंद दलायांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली कारखाना उभा राहिला. त्याचा अभिमान आम्हाला होता, आजही आहे. डब्यावरचं गुटगुटीत बाळ हा आमच्या लहानपणी सुदृढपणाचा मापदंड होता. १९९२ च्या कायद्याने ते बाळ डब्यावरून घालवलं. त्या कायद्यात बाळाच्या पावडरची जाहिरात बंद, आईला फुकट डबे देणं बंद, दवाखान्यांना आणि डॉक्टरांना भेटी देणं बंद, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र बंद. २००३ साली तो आणखी कडक झाला. जगात फार थोड्या देशांत इतका चांगला कायदा आहे, म्हणून तर टीव्हीवर पावडरची जाहिरात दिसत नाही. पण कायद्याची नजर जाहिरातीवर आहे, चिठ्ठीवर नाही. आणि छापील चिठ्ठीएवढी परिणामकारक जाहिरात दुसरी कुठली? टीव्हीवरच्या बाईवर विश्वास ठेवायचा की नाही हे माणूस ठरवतो. डिस्चार्ज कार्डावर तो औषधासारखा विश्वास ठेवतो.

मला डब्याशी वैर नाही. आठव्या महिन्यात आलेलं बाळ, अतिरक्तस्रावाने निपचित पडलेली आई, कर्करोगाची औषधं चालू असलेली आई, खरोखरच दूध न येणारी आई. अशा बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या बाळांचे जीव त्या पावडरीने तरले आहेत. जिला मनानेच ते झेपत नाही, बाळ जवळ आणलं की जी रडायला लागते, तिला 'हिरकणी बघ' म्हणून ऐकवणारे लोक मला कसाई वाटतात. गरज पडते. माझं भांडण 'गरज' या शब्दाशी नाही, तो कोणीही न तपासता आधीच छापून ठेवण्याशी आहे.

हिरकणीचं नाव निघालंच आहे तर. घरी तान्हं बाळ म्हणून रायगडाचा कडा उतरून गेलेली गवळण. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर पाजायच्या खोलीला तिचं नाव दिलं आहे, ते मला फार आवडतं. आपल्या बडोद्याच्या डेपोत मी अशी खोली शोधत फिरले आहे. पण आपण ही गोष्ट सांगतो ती आईच्या प्रेमाची म्हणून. नीट ऐकली तर ती दरवाजाची गोष्ट आहे. दरवाजा बंद झाला होता, पहारेकऱ्याने नियम दाखवला, म्हणून तिला कडा उतरावा लागला. राजाने तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, म्हणजे ती वाटही बंद झाली. गडाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण आपणही आयांच्या बाबतीत अजून तेच करतो : कडा उतरणारीला शाबासकी देतो आणि दरवाजाची वेळ बदलत नाही.

दरवाजे पुढेही आहेतच. भाची मकरपुऱ्याला नोकरी करते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, म्हणजे बरोबर सहा महिने, कागदावर. त्यातले चार-सहा आठवडे बाळंतपणाआधीच जातात. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजायला दोन सुट्ट्याही कायद्यात आहेत. बाळ घरी मांजलपूरला आणि आई कारखान्यात, तर त्या सुट्टीत ती काय करणार हे कायद्याने सांगितलेलं नाही. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं असं मात्र सांगितलं आहे. कुठे आहे, ते मला दाखवा. पण हा सगळा प्रश्न सहाव्या महिन्याचा. ज्यांचं दूध तिसऱ्याच दिवशी तुटलं त्या तिथवर पोचतच नाहीत, म्हणून मी पुन्हा पहिल्या तीन दिवसांवर येते.

गंमत अशी की वस्तीतल्या बाईकडे निदान आशाबेन जाते. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जायचं असतं. काही आशा हे फार जीव लावून करतात. सत्तर-ऐंशी हजारांचं बिल भरणाऱ्या माझ्या भाचीकडे कोणीही आलं नाही. तिच्या पॅकेजमध्ये पाळण्याला फुगे होते, नवजात बाळाचं फोटोशूट होतं, केकही होता. पाजायला बसवणारी बाई नव्हती.

तेव्हा प्रसूतिगृहांकडे मागायचं ते हेच, आणि मागायचं आपण गिऱ्हाईकांनी, नाव नोंदवतानाच. तुमच्याकडे रात्री पाजायला मदत करणारी बाई आहे का? नर्सच असायला हवी असं नाही; दोन मुलं अंगावर वाढवलेली, महिनाभर नीट शिकवलेली, हलक्या हाताची आणि गप्प बसता येणारी कुठलीही बाई चालेल. आया-मावश्यांमध्ये अशा किती तरी आहेत. आणि दुसरं, गेल्या महिन्यात तुमच्याकडे जन्मलेली किती बाळं तासाभरात अंगावर घेतली आणि किती बाळं डबा घेऊन घरी गेली? हे दोन आकडे रिसेप्शनमागच्या भिंतीवर लावा, जिथे आता चेकअपच्या पॅकेजचे दर लावलेले असतात. आकडा लावायचा म्हटला की छापील ओळ आपोआप पुसट होईल, अशी माझी समजूत आहे. फार तर चुकेल.

घरच्यांसाठी डोहाळजेवण हा मुहूर्त मला सगळ्यात सोयीचा वाटतो. सासू, आई, आत्या, काकू, जिचं जिचं मत रात्री दोन वाजता चालणार आहे त्या सगळ्या तिथे एकत्र असतात आणि जेवून सुस्तावलेल्या असतात. दांडिया बाजारातल्या एका डोहाळजेवणात मी पायमोज्यात कापूस भरून छाती केली आणि बाहुली लावून दाखवली. आधी हशा. मग एक ऐंशीच्या आजी पुढे सरकल्या, बाहुली माझ्या हातून घेतली आणि म्हणाल्या, "इतकी खाली नाही गं, मान दुखेल तिची." बरोबर होतं त्यांचं. पुढची पंधरा मिनिटं त्याच बोलत होत्या. मी फक्त दोन गोष्टी घातल्या. एक, मे महिन्यातसुद्धा वरून पाणी नाही. दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. दुसरी, दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोटावरून ठरवा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू झाली तर पुरतंय. डायपरने हा हिशेब घालवला आहे. सहा वेळा झाली की दोन वेळा, शेवटी हातात येतो तो एकच जड डायपर. पहिला महिनाभर तरी जुन्या धोतराचे लंगोट बांधा. धुवायला त्रास आहे, मला माहीत आहे. जावयांना सांगा.

भाचीचं बाळ आता चार महिन्यांचं आहे. कार्डावरची ती ओळ घेऊन मी दवाखान्याच्या डॉक्टरांना भेटायला गेले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, पालकच मागतात, नाही लिहिलं तर रात्री फोन येतात." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्हीच का येत नाही?" आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते. सहा-सात पलंग असतात, प्रत्येकीपाशी वीस-पंचवीस मिनिटं बसते. त्या कोवळ्या सिस्टरला काखेखालचं धरणं छान जमायला लागलंय. ओळ अजून छापलेलीच आहे. जुनी कार्डं संपल्यावर बघू म्हणाले.

माझी वेळ साडेपाच ते साडेआठ. त्यानंतर रिक्षा मिळत नाही आणि गुडघाही ऐकत नाही. रडणं साधारण साडेबाराला सुरू होतं.